मंडणगडच्या मुलांना खोती कोण शिकवणार?

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पूर्वजांचे गाव. तेथे शाळांच्या सहली येतात, मुले स्मारकापुढे रांगेने नमस्कार करतात, शिक्षक 'राज्यघटनेचे शिल्पकार' ही पदवी पुन्हा एकदा घोकून घेतात आणि एस्टी परत फिरते. परंतु १७ सप्टेंबर १९३७ रोजी याच बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्याच विधिमंडळावर नेला, हे त्या मुलांना कोण सांगतो? खोताच्या जमिनीत राबलेल्या कुळांची पतवंडेच आज या तालुक्यातील हायस्कुलांच्या बाकांवर बसलेली आहेत. त्यांना पुतळा दाखवला जातो. पुतळ्यातील माणूस त्यांच्या पणज्यासाठी काय मागत होता, हे सांगितले जात नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात खोती शिकवावी लागू नये अशी एके काळी स्थिती होती, कारण ती घराघरात भोगली जात होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये वसुलीसाठी उभा राहिलेला खोत, १८८० च्या कायद्याने बांधून दिलेले त्याचे हक्क, पिकवलेल्या भाताचा निम्मा हिस्सा घेऊन जाणारी अर्धेल आणि वर फुकटची वेठ, अशी ती व्यवस्था होती. तिच्याविरुद्ध कुलाबा जिल्ह्यातील चरी परिसराच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे संप केला. बाबासाहेबांच्या विधेयकाचा कायदा झाला नाही. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत का गेला, याचे उत्तर या इतिहासात आहे. ते न सांगता 'कोकणी माणूस चाकरमानी का झाला' असे विचारले, तर मूल एवढेच उत्तर देईल की आमची जमीन वरकस होती.

पाठ्यपुस्तकांवर अन्याय करण्याचे आम्हांला कारण नाही. आठवीच्या इतिहासात शेतकरी, कामगार, दलित आणि स्त्रिया यांच्या लढ्यांना 'समतेचा लढा' या नावाने एक पाठ मिळाला आहे. पण दहावीत, म्हणजे शाळा सोडण्यापूर्वीच्या अखेरच्या वर्षी, मुलाच्या हाती काय पडते? २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास आहे. त्यात मनोरंजनाची माध्यमे, खेळ, पर्यटन यांचे पाठ आहेत. हे विषय निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु इतिहासाचा उपयोग म्हणजे जणू बाणकोटचा किल्ला आणि वेळासचे नाना फडणविसांचे गाव पाहुण्याला दाखवून चार पैसे मिळवणे, असा संस्कार त्यातून होतो. आपल्या गावाचा वाटाड्या होण्याइतका इतिहास मुलाला मिळतो, गावाचा नागरिक होण्याइतका मिळत नाही.

भूगोलाचीही तीच तऱ्हा. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांची तुलना करतो. परदेशाचे ज्ञान मिळावे, याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. पण प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, अर्थव्यवस्था, पर्यटन अशा पाठांच्या मालिकेत 'जमीन कोणाची' या नावाचा पाठ नाही. ज्या ब्राझीलमध्ये भूमिहीनांनी १९८४ साली आपली देशव्यापी चळवळ उभारली, त्याच्याशी खोतीच्या प्रदेशातील मुलाचे खरे नाते याच प्रश्नातून जुळले असते.

याचा परिणाम केवळ गुणपत्रिकेपुरता राहत नाही. ज्याला सातबाऱ्याचा उतारा वाचता येत नाही, ज्याला कूळ आणि मालक या रकान्यांतील भेद कळत नाही, सामायिक जमिनीत आपला हिस्सा कसा ठरतो हे ज्याने कधी ऐकलेले नाही, असा दहावी उत्तीर्ण तरुण उद्या मुंबईहून आलेल्या दलालापुढे बसतो. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने जी जमीन कसणाऱ्याच्या नावावर आली, तिच्या विक्रीच्या कागदावर तो सही करतो. आजोबांनी लढून मिळवलेले नातू अज्ञानाने घालवतो. आणि त्याच नातवाला 'नागरिकांची कर्तव्ये' या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळालेले असतात!

येथे एक जुना आक्षेप घेतला जाईल. शाळेत राजकारण नको, खोती शिकवली तर गावात तेढ वाढेल, असे शहाणे लोक म्हणतील. त्यांना आम्ही शेजारच्या दापोली तालुक्यातील पालगडकडे बोट दाखवू. साने गुरुजींचे घराणे खोतांचे. त्याच घरातल्या मुलाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. खोताच्या मुलाला खोतीचे सत्य सांगणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे. त्याला गुरुजींच्या वाटेवर येण्याचे आमंत्रण आहे. तेढ सत्याने वाढत नाही, सत्य दडपल्याने वाढते. आणि जमिनीवर मौन बाळगणे हेही राजकारणच आहे. फक्त ते ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्या सोयीचे आहे.

आता संकट अधिक जवळ आले आहे. केंद्रीय पाठ्यपुस्तकांतून, विद्यार्थ्यांचे ओझे कमी करण्याच्या नावाखाली, दहावीच्या राज्यशास्त्रातील लोकसंघर्ष व चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने हे पाठ वगळण्यात आले. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात 'सामाजिक व राजकीय चळवळी' आणि 'भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने' असे दोन पाठ २०१८ साली दिले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून राज्याचा अभ्यासक्रमही नव्याने आखला जात असताना, या दोन पाठांचे काय होणार? ओझे नेमके चळवळींचेच का वाटते? ज्या देशाच्या संविधानाच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द १९७६ पासून आहे आणि ती उद्देशिका प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापली जाते, त्या देशातील मुलाला त्या शब्दासाठी कोण झगडले हे कळू नये, अशी ही व्यवस्था आहे.

दोष केवळ सरकारला देऊन आपली सुटका नाही. राष्ट्र सेवा दलाच्या अभ्यासवर्गांनी एके काळी गावोगावच्या मुलांना शाळेत न मिळणारे समाजशास्त्र शिकवले. पुढे आपण निवडणुका लढवल्या, मोर्चे काढले. शाळेचे पुस्तक मात्र दुसऱ्यांच्या हाती सोडले. ही चूक कबूल केली पाहिजे आणि ती सुधारली पाहिजे.

आमची मागणी अवास्तव नाही. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. मंडणगडच्या शिक्षकांनी ती क्षेत्रभेट तलाठ्याच्या कार्यालयात, ग्रामसभेत, गावातल्या वृद्ध कुळाच्या ओटीवर न्यावी. प्रत्येक मुलाने आपल्या घराचा सातबारा आणि फेरफार वाचावा, घरातले कोण कोणत्या साली मुंबईला गेले आणि का गेले ते लिहून आणावे. समाजशास्त्राच्या १०० गुणांपैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. ते या कामाला द्यावेत. यासाठी नवा निधी लागत नाही. मात्र निवडणूक व जनगणनेच्या कामांनी वाकलेल्या शिक्षकाला तेवढी सवड आणि निर्भयता मिळवून देणे, हे शिक्षक संघटनांचे व आपल्या पक्षाचे काम आहे. अभ्यासक्रमाचे मसुदे मतांसाठी खुले होतात तेव्हा धर्माच्या नावाने हरकती पाठवणारे जागे असतात. कुळांची पोरे जागी आहेत, हे या वेळी मंडणगडहून कळले पाहिजे. आंबडव्याच्या स्मारकापुढे हात जोडणाऱ्या मुलाला १९३८ चा मोर्चा सांगण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, आणि ती पुढच्या पाठ्यपुस्तकाची वाट पाहत थांबू शकत नाही.