कोरा उतारा आणि दुहेरी खरेदीखत

आमच्या धारूर तालुक्यांत, बालाघाटाच्या डोंगरावर, जमीन हलकी; परंतु तिच्यावरील तंटे मात्र भारी. एकाच शेतासाठीं दोघे आपापलें खरेदीखत घेऊन कोर्टाची पायरी चढतात, आणि दोघांचींही खतें रीतसर नोंदलेलीं असतात. असें कसें होतें, हा प्रश्न पुष्कळ शेतकरी बंधू विचारतात. महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालेला मनुष्य या नात्यानें मला जें दिसलें तें सांगतों.

प्रथम माझीच चूक सांगतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं मी एका कचेरींत नकला देण्याच्या कामावर होतों. एक शेतकरी तीन एकरांचा सातबारा न्यावयास आला. जातांना त्यानें विचारलें, "साहेब, उतारा कोरा हाय ना?" इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा नव्हता. मी म्हणालों, "कोरा आहे." त्या दोन शब्दांवर त्यानें बैलजोडी विकून व उसनवारी करून खरेदीखत केलें. शेत उन्हाळ्यांत मोकळें दिसलें. तें वाहतो कोण, हें त्यानें विचारलें नाहीं. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली, पंधरा दिवसांत हरकत आली नाहीं, नोंद मंजूर झाली.

मृगांत तो पाभर घेऊन गेला तों बांधावर दुसराच इसम उभा! विकणाऱ्याच्या बापानें तेंच शेत त्याच्या बापास पूर्वींच विकलें होतें. खत नोंदलेलें होतें, ताबाही दिलेला होता; परंतु फेरफार न झाल्यामुळें सातबाऱ्यावर जुन्या मालकाचें नांव राहिलें व वारसानें पुढें चाललें. पहिल्या खरेदीदाराचें नांव दप्तरांतच नव्हतें, तेव्हां त्यास नोटीस तरी कोण देणार? दावा अनेक वर्षें चालला व पहिल्या खताच्या बाजूनें लागला. दुसऱ्याचा पैसा विकणाऱ्यानें केव्हांच उडविला होता. जमीन घ्यावयास निघालेला तो शेतकरी पुढें कोयता घेऊन ऊसतोडीस गेला.

निकाल कायद्यास धरूनच होता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ४८ अन्वयें आधीं दिलेला हक्क श्रेष्ठ. जें विकून झालें तें पुन्हां विकतां येत नाहीं. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणें शंभर रुपये वा अधिक किमतीच्या जमिनीचें खत नोंदविणें भाग आहे. परंतु निबंधक दस्त नोंदतो, विकणाऱ्याची मालकी ठरवीत नाहीं. तामिळनाडूच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं हेंच पुन्हां सांगितलें. सातबाऱ्याचेंही तसेंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याचें कलम १५७ म्हणतें कीं, विरुद्ध शाबीत होईपर्यंत नोंद खरी धरावी. म्हणजे नोंद हा पुरावा आहे, मालकी नव्हे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच मिटवितें.

मराठवाड्यांत हा घोळ अधिक आहे, त्यासही कारण आहे. आमचें जुनें दप्तर निजामी अमलांतील, फसली सनाचें व पुष्कळसें उर्दूंत. १९४८ नंतर राज्य बदललें, १९५० चा कूळकायदा आला, १९५४-५५ चें खासरा पत्रक झालें, आणि जेथें एकत्रीकरण झालें तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. प्रत्येक वेळीं जुन्या कागदावरून नवा कागद उतरला, आणि उतरवितांना एखादी ओळ गळाली.

कोणी म्हणेल, आतां ई-फेरफार आहे, खत होतांच सूचना तलाठ्याकडे जाते, मग भीति कशाची? नव्या खतांपुरतें हें खरें आहे. परंतु यंत्र जुनी चूक सुधारीत नाहीं. तिची स्वच्छ नक्कल काढतें.

म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, अशा तंट्यांत जितका दोष लबाड विकणाऱ्याचा, त्याच्या खालोखाल खत पेटींत ठेवून निश्चिंत झोपणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराचा. त्याचा हक्क जात नाहीं हें खरें. परंतु त्याच्या आळसाच्या फटींतून लबाड शिरतो व तिसराच गरीब बुडतो. ज्यांच्या घरीं वडिलांचें खत आहे आणि सातबाऱ्यावर नांव नाहीं, त्यांनीं याच महिन्यांत फेरफाराचा अर्ज द्यावा.

घेणाऱ्यानेंही सातबाऱ्यावर थांबूं नये. निबंधकाकडील सूची क्रमांक २ मध्यें निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. जुने फेरफार, खासरा व पहाणीपत्रक पाहावें. मोजणी करून घ्यावी. आणि शेजाऱ्यांस बांधावर बोलावून शेत वाहतो कोण हें विचारावें. जेथें दोघांच्या जमिनी परस्परांच्या वहिवाटींत बारा वर्षें आहेत, तेथें कज्जा कशाला? शासनानें जानेवारी २०२३ मध्यें काढलेल्या सलोखा योजनेंत अशी अदलाबदल हजार रुपये मुद्रांक शुल्क व हजार रुपये नोंदणी फी यांत होते. अर्जापूर्वीं तिची मुदत तेवढी विचारून घ्यावी.

आपल्या मंडळानेंही वर्षांतून एकदां प्रत्येक गांवीं सातबाऱ्याचें चावडी-वाचन घडवून आणावें, अशी माझी सूचना आहे. चार माणसांत नांव वाचलें गेलें म्हणजे ज्याचें गळालें तो उठून बोलतो.

त्या शेतकऱ्यानंतर मीं कोणासही उतारा कोरा आहे असें सांगितलें नाहीं. "बोजा दिसत नाहीं, मालकी तुम्ही तपासा," इतकेंच सांगत असें. तेंच आज वाचकांस सांगतों.