किल्लीआधी पाना

मंडळी, माझं एक मत आहे आणि आमच्या घरात ते फारसं कुणाला पटत नाही. जुनी गाडी चालवायला मागणाऱ्यानं आधी तिच्या ब्रेकमधली हवा एकदा तरी स्वतःच्या हातानं काढावी. किल्ली त्यानंतर.

विषय निघाला तो आमच्या वडवणीच्या अंगणातल्या सॅन स्टॉर्मवरून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : १९९८ साली आलेली, गोव्यात बनलेली, दोनच सीटची छोटी स्पोर्ट्‌स कार. अंग फायबरचं, इंजिन रेनॉचं. आता बनत नाही. गल्लीतली पोरं तिला बेडूक म्हणतात. भाच्याला हा बेडूक मांजरसुंब्याच्या घाटात न्यायचाय. वय एकोणीस, लायसन्स आहे, हातही चांगला आहे. माझी अट ऐकून ताई म्हणाली, "मग मेकॅनिक कशाला असतो? पोराला गॅरेजवाला करायचाय का?"

ताईचं म्हणणं खोटं नाही. तेल गळत असेल, दाबून धरलेलं पायडल हळूहळू खाली बसत असेल, किंवा एबीएसची गाडी असेल, तर सरळ गॅरेज गाठावं. पण साध्या जुन्या गाडीचं तेल बदलून हवा काढणं हे जाणत्या माणसाला शेजारी बसवून अंगणात शिकता येतं. पैसे वाचतात म्हणून मी हे सांगत नाही. डोळे उघडतात म्हणून सांगतो.

कसं ते बघा. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण हे तेल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट-४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरला तरी नियमात बसतो. घाट उतरताना ब्रेक तापतात, पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय थेट तळाला जातो. गार झाल्यावर पायडल पुन्हा ठीक वाटतं, म्हणून खरं कारण कुणाला दिसतच नाही. "ब्रेक फेल झाला" असं आपण नशिबावर ढकलून मोकळे होतो. प्रत्यक्षात ते फेल होणं दोन-तीन वर्षं डबीत मुरत असतं.

निपलला पारदर्शक नळी लावून बाटलीत काळपट तेल आणि बुडबुडे उतरताना ज्यानं पाहिले, तो हे विसरत नाही. बाकीही बरंच कळतं. चाकाला दगड लावून, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर घ्यायची. पाना रिंगचाच, नाहीतर निपलच्या कडा झिजतात. डबीतलं तेल खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर नवी हवा आत शिरते. जुन्या गाडीत पायडल तळापर्यंत हाणायचं नाही, खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. एरवी मास्टर सिलिंडरच्या कधी न वापरलेल्या, गंजक्या भागावर रबर घासून फाटतं. निघालेलं तेल परत ओतायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवायचं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, या पद्धतीनं हे काम एकट्याचं नाही. एक जण पायडलवर, एक जण चाकापाशी. "दाब... धर." मग निपल सैल, तेल बाहेर, निपल बंद. "आता सोड." बंद व्हायच्या आधी पाय उचलला की हवा पुन्हा आत. म्हणजे दुसऱ्याचा शब्द येईपर्यंत पाय हलवायचा नाही. तरण्या पोराला एवढा धीर शिकवणारा क्लास मला तरी दुसरा ठाऊक नाही.

गाडी घेताना आपण म्युझिक सिस्टीम वाजवून बघतो, हॉर्न दाबून बघतो. ब्रेकच्या तेलाची बाटली मात्र दोन-दोन वर्षं आठवत नाही. ती साऱ्या खर्चात स्वस्त पडते, तरी. असो.

ताई, पटलं नाही तरी चालेल. रविवारी सकाळी मात्र ये. पायडलवर पाय तुझा, पाना त्याच्या हातात. पायडल टणक लागलं की किल्ली तूच त्याला दे.