मातीचे देणे बुडवणारे आपण

दुकाने, कचेऱ्या, मॉल यांची संकुले बांधणाऱ्याकडून कायदा फार काही मागत नाही. भूखंडाचा थोडा भाग मोकळा सोड, तिथे झाडे लाव, कचऱ्याची घाण आणि जनरेटरचा धूर शेजाऱ्याच्या दारात नेऊ नकोस, बांधकामाची धूळ त्याच्या घरात जाऊ देऊ नकोस. हा सगळा शेजारधर्म आहे. तो कलमांत लिहावा लागला हीच आपली नामुष्की होती. लिहूनही आपण तो पाळला नाही.

भोगवटा प्रमाणपत्राच्या आधीचा आठवडा कोणत्याही नव्या संकुलात जाऊन पाहा. नर्सरीतून टेम्पो येतात, गवताचे तयार गालिचे अंथरले जातात, उंच पाम ओळीने उभे राहतात. पाहणी होते, फोटो निघतात, कागद हाती पडतो. पावसाळा संपेपर्यंत गवत वाळते आणि त्या जागी पेव्हर ब्लॉक बसतात. मग पांढरे पट्टे ओढले जातात आणि नकाशावरच्या बागेत गाड्या उभ्या राहतात. हे रात्री चोरून होत नाही. भर दिवसा, आपल्या देखत होते आणि त्याच जागेत आपण आपली गाडी लावतो.

मुंबई वगळता जवळजवळ सर्व महाराष्ट्राला 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मोकळी ठेवा, असे ती सांगते. शंभरातले दहा! नव्वद भागांवर कमाई करून झाल्यावर उरलेले दहा भाग मातीला आणि माणसांना परत द्यायचे, तेही आपल्याला जड जातात.

मुंबईच्या गिरणगावात तर हा हिशेब याहून मोठ्या मापाने चुकवला गेला. बंद गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन होती. 1991च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरले: एक पालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ज्या जागेवर बांधकामच नव्हते तेवढ्यापुरती उरली. गिरणीच्या आवारात अशी रिकामी जागा असून असून किती असणार? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. 1982च्या गिरणी संपाने ज्या कामगारांचे संसार उघड्यावर आणले, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याचे मैदान असे हातचे गेले. त्या वेळी या शहरातला सुशिक्षित वर्ग रस्त्यावर उतरला नाही. नवा मॉल कधी उघडतो याची तो वाट पाहत होता.

याच गिरणगावातून पुढे आणखी एक प्रश्न न्यायालयात गेला. दादरच्या कोहिनूर गिरणीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पात मनोरंजनाची मोकळी जागा पोडियमवर, म्हणजे खालच्या मजल्यांच्या स्लॅबवर, दाखवावी की जमिनीवर, असा वाद होता. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नियमाने ठरवलेली किमान जागा जमिनीवरच हवी; पोडियमवरची बाग हवी तर त्याशिवाय करा. निर्णय स्वच्छ होता. स्लॅबवरच्या मातीच्या थरात वडाचे मूळ जात नाही, तिथे पडलेला पाऊस भूजलाला मिळत नाही आणि वर लिफ्टने जावे लागते म्हणून रस्त्यावरचा माणूस तिथल्या सावलीत कधी टेकत नाही. तरी 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याबरोबर आलेल्या मुंबईच्या नियमावलीने वाट काढलीच. मोकळ्या जागेतले चाळीस टक्के पोडियमवर चालतील, साठ टक्के जमिनीवर हवेत आणि त्या साठातले निम्मे खऱ्या मातीत. म्हणजे शंभर भागांतले तीस मातीचे! यालाही आपण पर्यावरणाचे रक्षण म्हणतो.

बांधकामाची धूळ अडवणाऱ्या आडोशाची गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. मुंबईच्या हवेने जीव घुसमटू लागला तेव्हा, ऑक्टोबर 2023 मध्ये, पालिकेने सत्तर मीटरहून उंच इमारतींच्या बांधकामाभोवती पस्तीस फुटी पत्रे लावण्याचा आदेश काढला. शेजारच्या चाळीतल्या लेकराच्या छातीत सिमेंट जाऊ नये, हे सांगायला आदेश लागतो. आणि ज्या समाजाला धूळ झाकायला आदेश लागतो, तोच समाज माणसे मात्र तत्परतेने झाकतो. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष येणार म्हणून अहमदाबादेत झोपडवस्तीपुढे भिंत उठली. डिसेंबर 2022 मध्ये जी-ट्वेंटीचे पाहुणे आले तेव्हा मुंबईतही वस्त्यांपुढे पडदे लागले. घाण करणारा उघडा, आणि ती उपसणारा पडद्याआड. ही आपल्या जुन्या शिवाशिवीचीच नवी तऱ्हा आहे. वेशीबाहेर ठेवायची जागा आता उरली नाही, म्हणून आपण कुंपणाला हिरवे कापड बांधतो.

दोष एकट्या बिल्डरचा नाही. सही करणारा अधिकारी आपल्यातलाच आहे. नकाशावर झाडे काढून देणारा वास्तुविशारद आपल्याच शाळेत शिकला आहे. गाळा घेताना दर चौरस फुटाचा भाव तीनतीनदा विचारणारा आणि मोकळ्या जागेबद्दल एक शब्द न काढणारा ग्राहक तर आपण स्वतः आहोत. दारापुढच्या झाडामुळे पाटी दिसत नाही म्हणून त्याच्या बुंध्यात ॲसिड ओतणारा दुकानदार आपल्या ओळखीचा असतो. त्याच्या दिवाळीच्या मिठाईला आपण नाही म्हणत नाही.

म्हणून वाचकहो, एक काम आजच करा. तुमच्या कचेरीचा, तुमच्या गाळ्याचा, तुम्ही नेहमी जाता त्या संकुलाचा मंजूर नकाशा मागवा. प्रकल्प नोंदणीकृत असेल तर तो महारेराच्या संकेतस्थळावर पाहा. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज पालिकेत द्या, त्याला दहा रुपये लागतात. नकाशातली मोकळी जागा बोटाने शोधा आणि तिथे जाऊन उभे राहा. तिथे गाड्या असतील तर लेखी तक्रार करा, चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि उत्तर येईपर्यंत थांबू नका. आणि त्या गाड्यांत तुमची गाडी असेल, तर आधी ती काढा.