स्वमग्न मुलाचे ताट

स्वमग्न मुलाच्या जेवणाची तक्रार घेऊन पालक आले की आपल्यापैकी बहुतेकांची नजर प्रथम वजनकाट्याकडे जाते. वजन वयाला साजेसे असले म्हणजे ‘मोठा झाला की खाईल’ असा दिलासा दिला जातो आणि सोबत भूक वाढविणाऱ्या औषधाची बाटली. त्या दिलाशाला आणि बाटलीलाही माझा विरोध आहे. या मुलांची भूक बहुधा शाबूत असते. आक्रसलेली असते ती पदार्थांची यादी. भात, बिस्किटे, दूध आणि वेफर्स एवढ्यावरही वजन उत्तम राहू शकते.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे स्कर्व्ही. खलाशांचा रोग म्हणून पाठ्यपुस्तकात वाचलेला हा विकार स्वमग्न मुलांमध्ये आढळल्याच्या नोंदी अलीकडच्या वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतात. फळे-भाज्या पूर्णपणे वर्ज्य केलेले मूल लंगडू लागते, पाऊल टाकेनासे होते, त्याच्या हिरड्या सुजतात. आणि मग संधिवात, रक्ताचा कर्करोग अशा शंकांनी तपासण्यांची रांग लागते. ‘मूल खाते का?’ या प्रश्नाने हे कळत नाही. तीन दिवसांत तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ आईकडून लिहून घ्यावा. कागद आपोआप बोलतो.

दुसरे असे की, न खाण्याला ‘वर्तन’ म्हणण्यापूर्वी शरीर तपासावे. जुनी बद्धकोष्ठता, किडलेली दाढ, घशाशी येणारे आम्ल यांची तक्रार न बोलणारे मूल ताट ढकलूनच करणार. दिवसभर दुधाच्या बाटलीवर राहणाऱ्या मुलात लोहाची कमतरता शोधावी. ते माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल तर अवश्यच.

एवढे करूनही जे उरते त्याचे मूळ पुष्कळदा संवेदनांत असते. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या निकषांत संवेदनांच्या तीव्र वा मंद प्रतिक्रियेचा समावेश केला, तो उगाच नव्हे. मऊ वरणभातात अवचित लागलेली मोहरी आपल्याला जाणवतही नाही. या मुलाला ती खड्यासारखी लागते. डावी-उजवीकडे प्रत्येक पदार्थाला ठरलेली जागा देणारे आपले पारंपरिक ताट खरे तर त्याच्या स्वभावाला मानवणारे. पण आपण प्रेमाने सारे एकत्र कालवतो आणि घास पुढे करतो! (शेव-जिरावणाशिवाय पोह्यांना हात न लावणाऱ्या आम्हा इंदूरकरांनी तरी कोणाच्या आवडीनिवडीला हसू नये.)

नाक दाबून घास भरविणे ताबडतोब थांबले पाहिजे. त्यात घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहेच, शिवाय ताटाची भीती कायमची बसते. मुलाने स्वीकारलेल्या मोजक्या पदार्थांत औषध लपवू नये. चव बदललेली कळताच तोही पदार्थ यादीतून जातो. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, पाय टेकतील अशी बैठक, मोबाईल बंद आणि अर्ध्या तासात ताट उचललेले, एवढी शिस्त पुरे. नवा पदार्थ जुन्याच्या जवळचा असावा: कुरकुरीत बिस्किटाकडून टोस्ट, टोस्टकडून कडक भाजलेली पोळी. आधी तो नुसता ताटाजवळ राहील, मग मूल त्याला बोट लावील, हुंगेल, चाटील आणि कदाचित थुंकेल. यात आठवडे जातात. गिळताना ठसका लागत असेल किंवा यादी चार-पाच पदार्थांवर आली असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट व आहारतज्ज्ञ यांना लवकर सामील करून घ्यावे.

गहू आणि दूध सरसकट बंद करण्याचा सल्ला सध्या फार स्वस्त झाला आहे. त्याने स्वमग्नता सुधारते असा भक्कम पुरावा नाही. सीलिअक विकार वा दुधाची ॲलर्जी सिद्ध झाली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पाच पदार्थांवर जगणाऱ्या मुलाचे दोन पदार्थ काढून घेण्यात कोणते शहाणपण?

आणि घरातील ज्येष्ठांशी आपणच बोलावे. ‘आईने लाडावून ठेवले आहे’ हा ठपका तिने एकटीने किती खोडून काढायचा? आजी-आजोबांना तपासणीच्या खोलीत बोलावून तिच्यासमोर सांगितले तर ते ऐकतात. डॉक्टरच्या शब्दाला आपल्या समाजात अजून तेवढे वजन आहे. गणेशोत्सवातील महाप्रसादाच्या पंगतीत अशी एखादी आई मुलाचा डबा घरून घेऊन आली, तर वाढप्यांनी तिला कारण विचारू नये, त्याच्या पानात काही वाढू नये आणि भिंतीकडेची शांत जागा त्याच्यासाठी धरून ठेवावी. एवढे मंडळाच्या कार्यकर्त्यांना यंदाच सांगता येईल.