०७२१ गेला कुठे? वऱ्हाडाच्या हरवलेल्या क्रमांकाची कथा

१/ इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनसेवांच्या यादीत मुंबईचा ०२२ सापडतो, बंगळुरूचा ०८० सापडतो. अमरावतीचा ०७२१ आणि अकोल्याचा ०७२४ मात्र बहुधा सापडत नाहीत. त्यावरचे ठरलेले उत्तर असे की, वऱ्हाड मागासलेला, तिथे मागणीच नाही. हे उत्तर आळशी आहे.

२/ दुसरे उत्तर आपल्याच लोकांचे. पुणे-नाशिकचे संकेतांक २ ने सुरू होतात, आपले ७ ने. इंदूर ०७३१, भोपाळ ०७५५, रायपूर ०७७१ यांच्या पंगतीत आपण. म्हणजे दिल्लीने आपल्याला अजून ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’मध्येच ठेवले! १९०३ ते १९५६ वऱ्हाड त्या प्रांताला जोडलेला होता, हे खरे. पण इंदूर होळकरांचे, ते त्या प्रांतात कधीच नव्हते. आणि देशातली पहिली एसटीडी सेवा १९६० ची, तेव्हा वऱ्हाड महाराष्ट्रात आलेला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इतका मोह आवरावा.

३/ मूळ आहे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात. संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारचा, इतरांनी परवाना घ्यावा. हीच वृत्ती इंटरनेटच्या काळातही टिकली. एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, तीही अर्धीच: संगणकावरून परदेशातला फोन लावता येई, देशातला नाही. अकोल्यातून शिकागोचा फोन वाजे, मूर्तिजापूरचा वाजत नसे!

४/ २०१८ साली परवानाधारक दूरसंचार कंपन्यांना देशांतर्गत मुभा मिळाली. तरी लँडलाइनचा क्रमांक जमिनीला खिळलेलाच राहिला. एसटीडीचे दर अंतरानुसार आकारता यावेत म्हणून देशाचे अडीच हजारांहून अधिक लहान तुकडे पाडले होते आणि क्रमांक त्या तुकड्यांनुसार वाटले जातात. अचलपूरचा ०७२२३ वेगळा, अकोटचा ०७२५८ वेगळा, मूर्तिजापूरचा ०७२५६ वेगळा. अंतराचे दर इतिहासजमा झाले; कुंपण तेवढे उभे आहे.

५/ कंपन्यांनाही सोडू नये. नियम अवघड असतील, पण बंदी नाही. प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र क्रमांक मागण्याची खटपट त्या महानगरांसाठी करतात, आपल्यासाठी करीत नाहीत. आणि मग ‘मागणी नाही’ म्हणतात. जे विकायलाच ठेवले नाही, त्याची मागणी मोजली कशी? परिणाम घरात दिसतो. अमरावतीच्याच दवाखान्यातून फोन येतो, पडद्यावर ०८० उमटतो, आणि आजी तो फसवणुकीचा समजून उचलत नाही.

६/ फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने शिफारस केली की, लँडलाइनचे क्रमांक या तुकड्यांऐवजी संपूर्ण परवाना क्षेत्राच्या पातळीवर हाताळावेत. आपले क्षेत्र महाराष्ट्र व गोवा. मुंबई तेवढी निराळी. हे अमलात आले तर तुकड्यांची सबब संपते. त्यानंतरही यादीत ०७२१ आणि ०७२४ नसतील, तर जाब कायद्याला नव्हे, कंपन्यांना विचारावा लागेल, आणि तो नावानिशी विचारावा.