हल्याळची मुलं आणि मार्गारेटबाई

दरवर्षी संक्रांतीच्या आधी मी लेकीकडे सुरतेला येते आणि होळीपर्यंत राहते. जावई मूळचे खानदेशातले, पण त्यांचे वडीलच उधन्याला मिलमध्ये लागले आणि इथलेच झाले. माझं माहेर धारवाडकडचं, सासर खानापूरचं. त्यामुळे घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि नातवाशी माझं कन्नड, असा कारभार चालतो. नातू मला अज्जीच म्हणतो. त्याला संध्याकाळी मैदानावर नेण्या-आणण्याचं काम इथे आल्यावर आपसूक माझ्याकडे येतं.

गेल्या महिन्यात त्या मैदानावर मुलांच्या शर्यती होत्या. शंभर मीटरच्या रांगेत एक मुलगा उभा होता. काळासावळा, कुरळ्या केसांचा, अंगानं काटक. सचिनकडच्या सिद्दी कुटुंबातला, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं आणि वर म्हणाल्या, "एना तो लोहीमां ज छे!" म्हणजे धावणं याच्या रक्तातच आहे. सगळ्यांनी मान डोलावली. शर्यत सुटण्याआधीच त्याचा पहिला नंबर ठरून गेला.

तो चौथा आला. माझा नातू सहावा आला, त्याला केळं मिळालं, शाब्बासकी मिळाली. चौथ्या आलेल्या त्या मुलाकडे मात्र सगळे असे बघत राहिले, की जणू त्यानं काहीतरी चोरलंय. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "बाळ, धावायला आवडतं का रे?" तो हसला. म्हणाला, "मने तो कॅरम गमे छे."

वाचकहो, सचिन म्हटल्यावर तुम्हाला क्रिकेट आठवलं असेल. पण सुरतेच्या दक्षिणेला, मुंबईच्या वाटेवर, सचिन नावाचं गाव आहे. आज तिथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे. पूर्वी ते एक छोटं संस्थान होतं आणि त्याचे नवाब सिद्दी होते, आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या घराण्यातले. जंजिऱ्याच्या गादीचा वाद झाला, पेशव्यांनी मध्यस्थी केली आणि १७९१ मध्ये त्या घराण्यातल्या एकाला सुरतेजवळची ही जहागीर मिळाली. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांच्यातले काही असे नवाब झाले. बाकीच्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या दाराशीच आहे.

नंदगडवरून हल्याळला जाणाऱ्या एसटीत आपण सगळेच कधी ना कधी बसलो आहोत. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि आपल्या खानापूर तालुक्याचा जंगलपट्टा, इथे सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज बहुतेक करून पोर्तुगीजांच्या गोव्यातून आले, गुलाम म्हणून आणलेले, तिथून निसटून रानात वसलेले. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. घरात कोकणी, बाजारात मराठी, शाळेत कन्नड. आपल्यासारखेच की! तरी बाजारात त्यांच्याकडे वळून बघायची सवय आपली गेलेली नाही.

त्या संध्याकाळी घरी येताना मला मार्गारेट आल्वा आठवल्या. नव्या पिढीला त्यांचं नाव २०२२ च्या उपराष्ट्रपती निवडणुकीमुळे माहीत असेल. त्या विरोधी पक्षांच्या उमेदवार होत्या. जगदीप धनखड यांना ५२८ मतं पडली, यांना १८२. पण १९८५ ते १९८९ या काळात राजीव गांधींच्या सरकारात क्रीडा, युवक आणि महिला व बालविकास या खात्यांच्या त्या राज्यमंत्री होत्या, आणि हल्याळच्या सिद्दी मुलांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

मार्गारेटबाईंचा जन्म १९४२ मध्ये मंगळूरला झाला. त्यांच्या सासूबाई व्हायोलेट आल्वा अहमदाबादला जन्मलेल्या, गुजराती घरातल्या. वकील झाल्या, मुंबईत गाजल्या आणि पुढे राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. सासरे जोकीम आल्वा कारवार भागाचे खासदार. १९५२ मध्ये ते निवडून आले तेव्हा कारवार जिल्हा मुंबई राज्यातच होता. हे नवरा-बायको एकाच वेळी संसदेत बसणारं देशातलं पहिलं जोडपं. म्हणजे गुजराती सासू आणि मंगळूरची सून. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत अशी सरमिसळ आहे, म्हणून मला हे घर नेहमी ओळखीचं वाटत आलं. पुढे जुलै २०१४ मध्ये थोडे दिवस मार्गारेटबाईंकडे गुजरातच्या राज्यपालपदाचाही भार होता. सासूबाईंच्या माहेरी सून राज्यपाल!

त्यांच्याकडे क्रीडाखातं आलं तेव्हा देशाची अवस्था बिकट होती. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत आपल्याला १३ सुवर्णपदकं मिळाली होती. १९८६ मध्ये सोलला ती ५ वर आली आणि त्यातली ४ पी. टी. उषाच्या पायांनी आणलेली, तीन एकटीनं आणि एक रिलेत. लॉस एंजलिसच्या १९८४ च्या ऑलिंपिकमधून आपण रिकाम्या हातानं परतलो होतो. सोलच्या १९८८ च्या ऑलिंपिकमधूनही तसेच आलो.

मग भारतीय क्रीडा प्राधिकरणानं १९८७ च्या सुमारास एक वेगळी योजना आणली. शहरातल्या मैदानांवर वाट बघत बसण्यापेक्षा रानात, डोंगरात, किनाऱ्यावर जाऊन मुलं शोधायची. राजस्थानच्या आदिवासी भागातून तिरंदाज शोधले, त्यातून लिंबाराम मिळाला आणि तो पुढे तीन ऑलिंपिक खेळला. याच योजनेत सिद्दी मुलांची निवड व्हावी, हा मार्गारेटबाईंचा आग्रह. उत्तर कन्नडमधून आणि गुजरातेत गीरकडच्या जांबूरसारख्या गावांतून मुलामुलींच्या चाचण्या घेतल्या. निवडलेल्यांना बंगळूरसारख्या ठिकाणी वसतिगृहात ठेवलं, बूट दिले, दोन वेळचं पोटभर जेवण दिलं, शाळा दिली. कल्पना अशी, की आफ्रिकी वंशाचे लोक जगभर शर्यती जिंकतात, तर आपल्या देशातले त्यांचे भाऊबंद का जिंकणार नाहीत?

काही मुलं चमकली. कमला सिद्दी हिनं हर्डल्स आणि हेप्टॅथलॉनमध्ये नाव काढलं. ज्यूजे जॅकी हर्नोडकर या मुलाची गोष्ट पुढे बातम्यांतून खूप फिरली. हर्नोडकर! आडनाव बघा, आपल्याच पंगतीतलं वाटतं.

आणि मग १९९३ च्या सुमारास सिद्दींसाठीचा हा कार्यक्रम गुंडाळला गेला. मुलं आपापल्या गावी परतली. कुणी शेतमजुरीला लागलं, कुणी रानात. त्या वेळी मार्गारेटबाई मंत्रिमंडळातच होत्या, पण कार्मिक आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यात. खेळाचं खातं दुसऱ्यांकडे होतं.

योजना का फसली याची कारणं देताना एक तक्रार नेहमी ऐकू येते. या मुलांना खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत वगैरे नोकऱ्या मिळाल्या, की ती धावणं सोडायची. मला ही तक्रार कधी पटली नाही. ज्या घरात तीन पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबल्या, त्या घरात रेल्वेची पगारी नोकरी आली तर ते सुवर्णपदकापेक्षा कमी आहे का? देशाला पदक हवं होतं, त्या आईला महिन्याच्या एक तारखेची खात्री हवी होती. दोघांचा हिशेब वेगळा होता, एवढंच.

मार्गारेटबाईंच्या नावावर वाद कमी नाहीत. शाहबानो प्रकरणात १९८६ चा कायदा झाला तेव्हा महिला खातं त्यांच्याकडे होतं. आपण आतून विरोध केला होता, असं त्यांनी २०१६ च्या आत्मचरित्रात मांडलं. २००८ मध्ये मुलाला विधानसभेचं तिकीट मिळालं नाही, तेव्हा कर्नाटकात पक्षाची तिकिटं विकली गेली असा आरोप त्यांनी उघडपणे केला आणि सरचिटणीसपद गमावलं. काहींना तो प्रामाणिकपणा वाटला, काहींना आईचा राग. वर्षभरात त्या उत्तराखंडच्या राज्यपाल झाल्या. १९९९ मध्ये त्या आपल्या शेजारच्या कारवारच्या मतदारसंघातून लोकसभेत गेल्या, २००४ मध्ये तिथेच हरल्या. जमेच्या बाजूला हेही लिहायला हवं, की त्यांच्या खात्यानं १९८८ मध्ये केलेल्या महिलांच्या आराखड्यात स्थानिक संस्थांत ३० टक्के राखीव जागा सुचवल्या होत्या. आज आपल्या ग्रामपंचायतीत ज्या बायका खुर्चीवर बसतात, त्यांच्या मागे त्या कागदाचाही हात आहे.

पण माझ्या मनात त्यांचा हिशेब हल्याळच्या मुलांपाशी अडकतो. दिल्लीत बसलेल्या कुणाला सिद्दी म्हणजे कोण हेही ठाऊक नव्हतं, तेव्हा या बाईंना ती मुलं दिसली. हे मोठंच काम. चूक झाली ती पुढे. एक, मुलाचा वंश बघून त्याच्या पायांवर आशा बांधली. चाचणी घेतली खरी, पण चाचणी घ्यायची ती कातडी बघूनच ठरलं. आणि दुसरं, जे उभं केलं ते एका मंत्र्याच्या आग्रहावर उभं केलं. मंत्री बदलला, आग्रह गेला, मुलं घरी. शाळा बांधताना आपण असं करतो का? गुरुजींची बदली झाली म्हणून शाळेचं छप्पर काढून नेत नाहीत.

त्यानंतर थोडं बदललं. २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आपल्या बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावं लागलं. का, तर मध्ये जिल्ह्याची रेघ होती. रेघेचं दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. इकडे गुजरातेतही तेच. सौराष्ट्रातल्या सिद्दींना हा दर्जा आहे, सुरतेकडच्यांना नाही. २०२० मध्येच शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, आणि २०२३ मध्ये जांबूरच्या हिराबाई लोबींना पद्मश्री मिळाली, ती बायकांना एकत्र आणून उभ्या केलेल्या कामासाठी, धावण्यासाठी नव्हे.

परवा नातवाला मैदानावर सोडायला गेले, तर तो सिद्दी मुलगा आला नव्हता. शेजारच्या बाई म्हणाल्या, सोडलं वाटतं त्यानं. मला हल्याळची मुलं आठवली आणि पोटात कालवलं. पण काल संध्याकाळी बघते तर मैदानाच्या भिंतीलगत, झाडाखाली, चार मुलं कॅरम मांडून बसलेली, आणि त्यांत तो. माझा नातू धावायचं सोडून त्याच्या शेजारी फतकल मारून बसलेला.

"अज्जी, नोडु!" तो ओरडला. "याची राणी एका फटक्यात गेली!"

मी दोघांनाही केळं दिलं.