सायकलवाल्यांना माळावर राहू द्यावे का?



पाऊस उघडला की शरद ऋतू येतो. आश्विन आणि कार्तिक हे त्याचे दोन महिने. आभाळ स्वच्छ असते, ओढ्याला पाणी असते आणि माळावरचे गवत पिवळे पडू लागते. याच दिवसांत शहरातली माणसे सायकलला सामान बांधून गावोगाव फिरायला निघतात. दिवसभर सायकल चालवायची आणि संध्याकाळी माळावर नाहीतर ओढ्याकाठी तंबू ठोकून झोपायचे, अशी त्यांची सहल असते. आमच्या गावावरूनही असे सायकलवाले जातात.

काही मोठी माणसे म्हणतात, ‘यांना राहूच देऊ नका.’ काही म्हणतात, ‘राहू द्या की, माळ काय कुणाच्या बापाचा आहे?’ मला दोन्ही पटत नाही.

आधी हाकलून का देऊ नये ते सांगते. सायकलला धूर नाही आणि आवाज नाही. तिच्यामुळे कुणाचे काही बिघडत नाही. अंधार पडल्यावर त्यांना पुढे पाठवणे तर फारच धोक्याचे आहे. साखर कारखाने सुरू झाले की रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागतात. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या असतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. मग सायकलवाल्याने जायचे कुठून? आषाढात पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांना लोक शाळा आणि देवळे उघडून देतात. मग या पाहुण्यांनी काय पाप केले?

पण माळ मोकळा दिसला तरी तो रिकामा नसतो. त्यावर कुसळीचे आणि पवन्याचे गवत असते. दिवाळीच्या पुढेमागे बायामाणसे ते कापतात, पेंढ्या बांधतात आणि गंजी रचतात. उन्हाळ्यात हिरवे काही मिळत नाही, तेव्हा जनावरे याच गंजीवर जगतात. वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते. तीन दगडांची चूल मांडली, चहा केला, निखारे तसेच ठेवून झोपले आणि रात्री वारा सुटला, की सगळा माळ गेला. सायकलवाले सकाळी पुढच्या गावाला जातील. म्हैस कुठे जाणार?

काळे रानही असेच फसवते. नुकताच शाळू पेरलेला असला की रान मोकळे दिसते, पण मातीखाली बी असते. त्यावर तंबू ठोकला तर नुकसान कुणाचे? माळसुद्धा कुठे गायरान असतो, कुठे कुणाच्या मालकीचा, तर कुठे वनखात्याचा. राखीव वनात विस्तव पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, असे गुरुजींनी सांगितले.

विचारून राहण्यात सायकलवाल्यांचेही भले आहे. कुठल्या बांधाला सापाचे बीळ आहे ते गावालाच ठाऊक असते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा चावा पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून उघड्यावर भुईवर झोपू नये. सराटे कुठे आहेत तेही आपण सांगू, म्हणजे सायकल पंक्चर व्हायची नाही.

आता मोठ्या माणसांना एक सांगते, रागावू नका. माळ पाहुण्यांमुळेच जळतो असे नाही. आपल्यातलेही काहीजण बांध पेटवतात आणि जळती बिडी गवतात टाकतात. पाहुण्यांना नियम सांगायचा आणि आपण मोडायचा, हे बरे दिसत नाही.

माझे मत असे आहे की, त्यांना राहू द्यावे, पण विचारून आणि विस्तव न पेटवता. सुट्टीत शाळेचा व्हरांडा रिकामा असतो. तिथे झोपू द्यावे की नाही, ते शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावे. भाकरी आणि चहा गावात मिळेल, त्याचे पैसे त्यांनी द्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशव्या परत न्याव्यात, कारण गुरे त्या खातात. फाट्यावर एक पाटी लावावी : ‘मुक्कामाला जागा विचारा. माळावर विस्तव पेटवू नका.’ ग्रामपंचायतीने फळी आणि रंग दिला तर पाटी आम्ही चौथीची मुले रंगवू. पण गवत कापायला येण्याआधी ती लागली पाहिजे. नंतर लावून काय उपयोग?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी